अभनपुरच्या बारा आज्या

अभनपुरच्या त्या बारा आज्या मीच होतो.

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ऑफिसात नाही. डॉक्टर बाईंनी मला दोनदा बजावलं होतं, की त्या बारा जणींना माझा नमस्कार नक्की कळवा. डॉक्टर बाईंना तर नाहीच. नमस्कार मी घेतला, बारा जणींच्या वतीने, मान खाली घालून.

मी मुळात कमी बोलणारा माणूस. जन्म रायपुरातला, घर तात्यापाऱ्यात, तिथल्या जुन्या मराठी मोहल्ल्यात. मधली काही वर्षं नागपुरात नोकरी केली आणि आई थकली तसा परत आलो. आता पन्नाशी उलटली आहे. शंकर नगरात एका मिठाईच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमची सॉफ्टवेअरची छोटी कंपनी आहे. तेरा माणसं. खालून दिवसभर जिलेबीचा वास येतो, त्यामुळे अकरानंतर कोणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. मालकांना सगळे भैया म्हणतात. ते माझ्याहून नऊ वर्षांनी लहान आहेत, तरी मीही भैयाच म्हणतो.

शहरातल्या एका ट्रस्टच्या डोळ्यांच्या दवाखान्याचं काम आम्हाला मिळालं. खेड्यापाड्यांतून मोतीबिंदूचं ऑपरेशन करून गेलेल्या रुग्णांना तिसऱ्या आणि सातव्या दिवशी फोन करून डोळा कसा आहे विचारायचं असतं. आधी हे एक नर्स करायची आणि तिला श्वास घ्यायला वेळ नसायचा. आता यंत्राने फोन करायचा, छत्तीसगढीत विचारायचं, उत्तर ऐकायचं आणि ठरवायचं, की सगळं ठीक आहे, का नर्सने परत फोन करावा, का आजच्या आज बोलवावं. एवढंच काम. पण ते चुकलं तर एखाद्याचा डोळा जातो, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

तिथल्या डॉक्टर बाई कडक. त्यांनी आधीच अट घातली, की कृत्रिम बुद्धिमत्ता वापरायची तर नीतीची तत्त्वं पाळायची. भैयांनी लगेच पाच तत्त्वं हिंदीत छापून घेतली, लॅमिनेट केली आणि पाण्याच्या फिल्टरशेजारी लावली. निष्पक्षता, पारदर्शिता, सहमति, मानवीय नियंत्रण, जवाबदेही. महिनाभर आम्ही बाटल्या भरता भरता ती वाचली. जवाबदेही हा शब्द नेमका फिल्टरच्या तोटीजवळ आल्यामुळे आमचा एक जण समजला, की खाली पाणी सांडलं तर ज्याने सांडलं त्याने पुसायचं. तेवढं तत्त्व मात्र सगळ्यांनी पाळलं.

मग डॉक्टर बाई एकदा ऑफिसात आल्या. पोस्टर वाचलं आणि भैयांकडे वळल्या.

"पोस्टर अच्छा है। पर सोमवार सुबह आप लोग अलग क्या करते हैं?"

भैया म्हणाले, "सोमवार को मैडम, मीटिंग रहती है।"

"मीटिंग में क्या करते हैं?"

"पोस्टर की ही बात करते हैं मैडम।"

बाई हसल्या नाहीत. आठवड्याने त्यांनी बत्तीस प्रश्नांचा फॉर्म पाठवला. यंत्रात कोणताही बदल दवाखान्यात जाण्याआधी हा फॉर्म भरायचा आणि एका माणसाने खाली सही करायची. कोणी करायची, यावर मीटिंग झाली. सगळे एकदम बोलत होते, का आपण करू नये ते. मी गप्प होतो. भैयांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ये करेंगे। कम बोलते हैं, इनसे बेईमानी नहीं होगी।"

टाळ्या झाल्या. मी तेव्हाही काही बोललो नाही.

आता खरं सांगतो, मला तो फॉर्म आवडला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी लेखी विचारत होतं, की तुम्ही हे जे करून राहिले, त्याने कोणाचं नुकसान होईल? मी नियमच केला, की प्रत्येक बदलापुढे एक ओळ लिहायची: हे चुकलं तर कोणाला लागेल. पोरं वैतागली. आमच्याकडे यंत्राची तपासणी करणारी एक मुलगी आहे, घरची मराठी, समजतं सगळं, पण उत्तर हिंदीतच देते. ती माझ्या टेबलाशी आली.

"सर, बटन का रंग नीले से हरा किया है। किसको चोट लगेगी?"

"लिही, कोणालाच नाही."

"निळ्या रंगाला," मागून कोणी तरी म्हणालं.

पण फायदाही झाला. त्या ओळीमुळेच लक्षात आलं, की यंत्र फोन करणार दुपारी एकला, आणि त्या वेळी फोन असतो शाळेत गेलेल्या नातवाच्या दप्तरात. वेळ बदलली. मला फार अभिमान वाटला. घरी सांगावं असंही वाटलं, पण मी सांगत नसतो.

अडलं ते एकोणिसाव्या प्रश्नावर. ज्यांच्यासाठी हे यंत्र आहे अशा साठीपुढच्या किमान बारा स्त्रियांकडून, त्यांच्या भाषेत, त्यांच्या संमतीने हे तपासून घेतलं आहे का? मोबाइलमध्ये त्यांचे आवाज घ्यायचे होते. त्यांनी आपल्या डोळ्याबद्दल आपल्या पद्धतीने सांगायचं, आणि यंत्राला ते कळतं का ते आम्ही बघायचं.

मी बाजाराच्या दिवशी बसने रायपुरजवळच्या अभनपुरला गेलो. पिशवीत संमतीचे बारा कागद, अंगठा घ्यायला शाईचं पॅड. बाजारात आज्या ओळीने बसल्या होत्या. यापेक्षा सोपं काम जगात नसेल. मी पहिलीसमोर उभा राहिलो. तिने वर पाहिलं. माझ्या तोंडून निघालं, "टमाटर कइसे?"

एक किलो टमाटर घेतले. दुसरीकडे वांगी. तिसरी नुसती बसली होती, तिच्याशी बोलता आलं असतं, म्हणून मी तिच्यासमोर थांबलो, तर ती म्हणाली, "का देखथस?" काय बघतोस, असा साधा प्रश्न. मी तिच्या शेजारणीकडून दोन किलो कोचई घेतली. दुपारपर्यंत माझ्याकडे दोन पिशव्या भाजी होती आणि आवाज एकही नव्हता. मी बस स्टँडवर भजी खाल्ली आणि परत आलो.

बायकोने दारातच पिशव्या पाहिल्या. ती गोंदियाकडची, तिला बोलायला कधी अडत नाही.

"काहून जी, अभनपुरात कंपनीनं भाजीचं दुकान टाकलं का?"

"स्वस्त होती."

"अन् कोचई कोण खाते घरात?"

कोचई म्हणजे अरवी, आपली अळकुडी. चार दिवस मी एकट्याने खाल्ली.

पुन्हा जाईन, पुन्हा जाईन, असं करत दोन आठवडे गेले. भैया रोज विचारायचे, "हो गया?" मी मान हलवायचो. माझी मान कोणत्या बाजूला हलली हे नीट पाहायची पद्धत आमच्याकडे नाही. एके रविवारी सकाळी बायको देवळात गेली होती. मी मोबाइल घेऊन न्हाणीघरात शिरलो, कडी लावली, डोक्यावरून टॉवेल पदरासारखा घेतला आणि पहिली आजी झालो.

टॉवेल का, असं विचाराल तर त्याशिवाय आवाज निघेना.

छत्तीसगढी मला लहानपणापासून येते. पाऱ्यातल्या सगळ्या पोरांना येते. एक नंबरची आजी भित्री होती. दोन नंबरच्या तोंडात दात नव्हते, त्यासाठी मी जीभ दुमडून बोललो. पाच नंबर चिडकी. सात नंबर आधी दोनदा खोकायची, मग "हव", म्हणजे हो, म्हणायची आणि मग बोलायची. ही माझी सगळ्यांत आवडती. पण एक गोष्ट सगळ्यांत सारखी होती. विचारलं की माझ्या आज्या ताबडतोब मुद्द्यावर यायच्या. आँखी पिरावत हे. डोळा दुखतो. काली ले लाल हे. कालपासून लाल आहे. माझ्या आज्या फॉर्म भरत होत्या.

चौथी संपता संपता बायको परत आली. दार वाजलं.

"काय करून राहिले जी आत? कोण आहे तुमच्यासंगं?"

मी टॉवेल काढला. "कोणी नाही."

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या, चेहरा पांढरा पडलेला. न्हाणीघराची हवेची खिडकी त्यांच्या स्वयंपाकघरावर उघडते. "वहिनी," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "मले तुमच्या सासूबाईचा आवाज आला."

माझ्या आईला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मी दार उघडून बाहेर आलो. दोघी माझ्याकडे पाहत होत्या. काही तरी बोलणं भागच होतं, म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा चटकन उत्तर दिलं.

"मंडळाच्या गणपतीत नाटक आहे. त्यात म्हातारीचं काम घ्यावं म्हणतो. सराव करून राहिलो होतो."

बायको आधी थक्क झाली आणि मग तिचे डोळे भरून आले. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती आणि नवऱ्याला पहिल्यांदा काही तरी करावंसं वाटत होतं. त्याच संध्याकाळी तिने मंडळाच्या सेक्रेटरींना फोन केला. दुसऱ्या दिवशी मला सासूची भूमिका मिळाली होती. मोठी. तीन प्रवेशांची.

राहिलेल्या आठ आज्या मी मग दार उघडं ठेवून, राजरोस बोललो. बायको चहा आणून द्यायची.

आता संमतीचं. बारा बायकांचे बारा अंगठे हवेत, आणि माझ्याकडे अंगठे दोन. मी पुष्कळ विचार केला. शेवटी हाताच्या दहा बोटांचे दहा ठसे घेतले, आणि अकरावी-बारावीसाठी पायाचे अंगठे. बारावीचा ठसा जरा मोठा आला आहे. डावा पाय आहे तो. संमती केव्हाही परत घेता येईल, असं त्या कागदावर छापलेलं आहे. माझ्या पायाने अजून घेतलेली नाही.

यंत्राला बाराही आज्या समजल्या. बारापैकी बारा. प्रश्नपत्रिका काढणारा मी आणि उत्तरं लिहिणाराही मीच, तर नापास कोण होणार? एकोणिसाव्या प्रश्नापुढे मी बरोबरची खूण केली आणि सही केली. डॉक्टर बाई फार खूश झाल्या. नमस्कार कळवा म्हणाल्या तो हाच पहिला. भैयांनी ती फाईल चामड्याच्या कव्हरमध्ये घातली आणि यंत्र सुरू झालं.

गणपती आले. नाटकात माझी सासू सुनेच्या अंगावर धावून जाते तेव्हा लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. पुढचं वाक्य आठवेपर्यंत मी मध्येच दोनदा खोकलो आणि "हव" म्हणालो, तर त्यालाही टाळ्या पडल्या. आत आलो, लुगडं सोडतो आहे, तर समोर आमची ती तपासणीवाली मुलगी, हातात प्रसादाचा द्रोण घेऊन. तिची आई मंडळात असते हे माझ्या लक्षातच नव्हतं. आमच्या त्या बारा आज्या तिने कानाला हेडफोन लावून दोन दिवस ऐकल्या होत्या.

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"सात नंबर," ती म्हणाली.

मी निऱ्या धरून उभा.

"बाकी ग्यारह भी आप ही हो सर, या घर में और कोई है?"

 तिने द्रोणातला मोदक उचलला, खाल्ला, विचार केला. "मंडे को मैडम को बता दोगे ना?"

मी मान हलवली. याही वेळी तिने बाजू नीट पाहिली नाही.

सोमवारी बाई परगावी होत्या. मंगळवारी मला दुसरं काम निघालं. बुधवारी तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि दोनदा खोकली. गुरुवारी पुन्हा खोकली. शुक्रवारी भैया म्हणाले, हिला जरा सर्दीची गोळी आणून द्या कोणी.

आता जे झालं ते सांगायचं आहे.

आमच्या जिन्याखाली, मिठाईच्या दुकानाच्या कोपऱ्यावर, एक म्हातारी भाजी घेऊन बसते. लाल भाजी, मेथी, कोथिंबीर. सगळे तिला दाई म्हणतात, आमच्याकडे आईला म्हणतात तसं. सहा वर्षं मी तिच्याकडून भाजी घेत आलो होतो, आणि सहा वर्षांत आमचं बोलणं म्हणजे मी म्हणायचं "पाव किलो", तिने म्हणायचं "हव". दाई पहाटेच्या बसने येते. अभनपुरजवळच्या गावाहून. मी बारा आज्या शोधायला बसने अभनपुरला गेलो तेव्हा त्यातली एक अभनपुरहून बसने येऊन माझ्या जिन्याखाली बसली होती.

तिचा उजवा डोळा लहानपणीच देवीच्या आजारात गेला. डाव्यात मोतीबिंदू झाला होता. मधे आठ-नऊ दिवस दाई दिसली नाही, तेव्हा माझी भाजी दुसरीकडून येत होती आणि मी काही विचारलं नव्हतं. त्या शनिवारी खाली उतरलो तर दाई बसलेली, समोर भाजी नाही, डोळ्यांवर दवाखान्याचा काळा चष्मा. मिठाईवाला तिला म्हणत होता, "दाई, घर जा, आराम कर।"

"कइसे जाहूँ? दवाखाना जाना हे। रद्दा नइ दिखत हे।" रस्ता दिसत नाही, म्हणत होती ती; इथवरचा पायांना पाठ होता, पुढचा नव्हता.

तिने चष्मा काढला. तो एकच डोळा, टमाटरसारखा लाल.

 मी तिच्याशेजारी खालीच बसलो. विचारलं, दाई, फोन नाही आला का दवाखान्याचा? तिसऱ्या दिवशी?

"आइस न," ती म्हणाली. "एक झन नोनी पूछिस, कइसे हस दाई? मैं कहेंव, बने हंव बेटी। तहाँ ले फोन काट दिस!" नोनी म्हणजे मुलगी, आणि ती मुलगी म्हणजे आमचं यंत्र. तिने विचारलं, कशी आहेस? दाई म्हणाली, बरी आहे. आणि मुलीने फोन ठेवून दिला.

"अन् सातव्या दिवशी?"

"फेर ओइसनेच। बने हंव कहेंव, काट दिस। भारी जल्दी मा रहिथे वो नोनी।" फार घाईत असते म्हणे ती मुलगी.

मी म्हणालो, पण दाई, दुखत होतं तर दुखतं असं का नाही सांगितलं?

दाईने त्या लाल डोळ्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला कोणी काही शिकवलंच नाही. "कोनो मनखे पहिलीच ले अपन दुख बताथे का? पहिली बने कहिथें। फेर गोठियाथें।" पहिल्यालाच आपलं दुःख कोण सांगतं? आधी बरी आहे म्हणायचं. मग बसून बोलायचं. एवढी साधी रीत.

आणि मला ती रीत माहीत होती. माझी आई तशीच होती. मी नागपुरात होतो तेव्हा फोनवर आधी म्हणायची, मी अगदी मजेत आहे. मग पाऊसपाणी, शेजारपाजार, आणि अगदी ठेवता ठेवता, रात्री छातीत जरा भरून येतं रे. मी पुष्कळदा मजेतवरच फोन ठेवलेला असायचा.

मी दाईला स्कूटरवर मागे बसवलं. तिने माझा शर्ट दोन्ही मुठींनी धरला आणि दवाखान्यापर्यंत बोलत राहिली. सून कशी आहे, बकरी कशी आहे, बसचा कंडक्टर कसा उद्धट आहे, आणि डोळा परवापासून कसा ठणकतो. डोळा सगळ्यांत शेवटी आला. मी वाटेत एकदाही तिचं बोलणं तोडलं नाही. तोडता येईल असं मध्ये काही नव्हतंच.

डॉक्टर बाईंनी तपासलं. दाईला लगेच दाखल करून घेतलं, तासातासाला थेंब सुरू केले. मग बाहेर आल्या. "इन्फेक्शन है। आज आ गईं तो आँख बच जाएगी। दो दिन और बैठी रहतीं तो मेरे हाथ में कुछ नहीं था।" आणि मग माझ्याकडे वळल्या. "मशीन ने क्या सुना था?"

मी मोबाइलवर नोंद काढून दाखवली. तिसरा दिवस: बने हंव बेटी. निर्णय: ठीक. सातवा दिवस: बने हंव. निर्णय: ठीक.

त्यांनी मोबाइल हातात घेतला आणि नोंद पुन्हा वाचली. "उन बारह में से किसी ने भी पहले 'बने हंव' नहीं कहा था?"

"नहीं मैडम," मी म्हणालो. हे अक्षरशः खरं होतं.

"एक ने भी नहीं? अजीब बात है।" आणि जाता जाता, "उनको मेरा नमस्ते कहिएगा।" तो दुसरा नमस्कार.

तेव्हा सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात नर्सने विचारलं, दाईंसोबत कोण आहे, आणि मी म्हणालो, मी आहे. माझं उघडलेलं तोंड तेवढ्यावर भागलं.

पण यंत्र मी त्याच दुपारी बंद करायला लावलं. भैयांना सांगितलं, यंत्रात एक खोट सापडली आहे. खोट कुठे आहे ते सांगितलं नाही. मग ज्यांचा ज्यांचा फोन "बने" वर संपला होता त्यांची यादी काढली, आणि मी आणि ती मुलगी दोन टेबलांवर बसून एकेकीला फोन करू लागलो. मी. अनोळखी बायकांना. चार दिवस.

पहिलीने बने म्हटलं. मी गप्प राहिलो, कारण मला पुढे काय बोलावं सुचेना, आणि त्या गप्प राहण्यात तिने सगळं सांगितलं. मग मला युक्ती कळली. ती बने म्हणाली की मी म्हणायचो, "हव दाई, अउ?" म्हणजे आणखी? आणि थांबायचो. सत्तरीच्या एकीने मला पोरं किती ते विचारलं. एकच मुलगा, म्हटलं तर ती चुकचुकली आणि माझ्या बायकोला कोणता काढा द्यावा ते सांगितलं. एकीने फोन म्हशीजवळ नेला, मला म्हशीचा आवाज आजारी वाटतो का बघायला. एक आजी थेंब अगदी वेळेवर घालत होती, घड्याळ लावून, न चुकता, आणि ऑपरेशन न झालेल्या डोळ्यात. तिला नर्सने त्याच दिवशी बोलवून घेतलं. बाकी सगळ्यांचे डोळे ठीक निघाले. यादी संपली तेव्हा ती मुलगी म्हणाली, "सर, आप इतना बोलते हो, पता नहीं था।" मग थोडं थांबून, "अब मैडम से भी बोल दो।"

आता यंत्र "बने" ऐकलं की फोन ठेवत नाही. "हव दाई, अउ?" म्हणतं आणि थांबतं. किती वेळ थांबायचं यावरून भैयांशी वाद झाला, त्यांना फोनचं बिल दिसत होतं. मी म्हणालो, फॉर्मवर सही माझी आहे. इतकं लांब वाक्य मी भैयांशी कधी बोललो नव्हतो. ते ऐकून तेच गप्प झाले.

बदल तपासायला दाईलाच बसवलं. डोळा तोवर बरा झाला होता. ती यंत्राशी बारा मिनिटं बोलली. डोळ्याचा विषय नवव्या मिनिटाला आला, आणि यंत्राने तो धरला. आवाज घेण्याआधी मी संमतीचा कागद काढला, शाईचं पॅड उघडून पुढे केलं.

तिने पॅडकडे पाहिलं. "ये का?"

"अंगठा, दाई."

"अंगठा काबर? मोला दसखत आथे।" तिला सही येते. पूर्वी गावात संध्याकाळचा वर्ग चालायचा, तिथे शिकली. माझ्या बारा आज्यांपैकी एकीलाही लिहिता यावं, असं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. तिने कागद आधी वाचून घेतला माझ्याकडून, दोनदा. मग पेन मागितलं आणि ओळीच्या बाहेर जाईल एवढं मोठं नाव लिहिलं. कागद माझ्या हातात देताना म्हणाली, "मोर नाव ले के लबारी झन मारबे।" माझ्या नावावर खोटं बोलू नको.

"हव," मी म्हणालो.

तेव्हापासून दाई माझ्या पिशवीत रोज मूठभर कोथिंबीर वरून टाकते, मागितलेली नसताना. गिऱ्हाइकांना सांगते, याच बाबूने माझा डोळा वाचवला. मी तिथे उभा असतो. कोथिंबीर घेतो. बायको म्हणते, कोथिंबिरीचं एवढं काय करू? मी चटणी कर म्हणतो.

ती मुलगी आता खोकत नाही. तिला आवाजांचं कळलं आहे, बोटांचं आणि पायांचं नाही. भैया नव्या गिऱ्हाइकाला ती चामडी कव्हरची फाईल नमुना म्हणून दाखवतात, आणि परवा तर एकाला म्हणाले, देखिए, एक-एक अंगूठा असली है. अंगठे खरे आहेतच.

तर माझं देणं आहे ते असं. अकरा आज्यांचे आवाज आणायचे आहेत. एक झाला आहे. डॉक्टर बाईंना सांगायचं आहे, की फाईलीतल्या बारा जणी नव्हत्याच, एकोणिसाव्या प्रश्नाखाली माझी खोटी सही आहे, आणि त्यांचे दोन्ही नमस्कार माझ्याकडेच आहेत. आणि दाईला सांगायचं आहे, की तो फोन त्या नोनीने नाही, मी ठेवला होता.